माकडताप : तापाचा कितवा दिवस?

गेल्या दोन महिन्यांत माकडतापाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची काजूची बाग सत्तरी तालुक्यात, रानाला लागून आहे. गेल्या हंगामात बोंडू गोळा करणाऱ्या एका कामगाराला अचानक जोराचा ताप आला. डेंग्यूची तपासणी झाली, ती नकारार्थी आली आणि आठवड्याभरात ताप उतरला. पंधराव्या दिवशी पुन्हा ताप चढला आणि डोके असह्य दुखू लागले, म्हणून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे रक्तात माकडतापाचा विषाणू शोधला, पण तो सापडला नाही. नंतर दुसऱ्या एका तपासणीत मात्र माकडतापच होता असे कळले. मग यांपैकी खोटी तपासणी कोणती?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : बहुधा एकही नाही. दोन तपासण्यांनी दोन वेगळे प्रश्न विचारले आणि त्यांतला एक प्रश्न उशिरा विचारला गेला.

माकडतापाचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे व माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण आढळू लागले, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगळा करून ओळखला. माकडे मरताहेत म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वर भारतात आल्याची होती. प्रत्यक्षात निघाला तो रशियाच्या जंगलांत गोचिडींपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग. पुढे अनेक दशके हा आजार कर्नाटकाच्या मलनाड भागापुरताच राहिला असे मानले जात होते, परंतु २०१२ पासून तो बंदीपूर, निलगिरी आणि वायनाड येथे दिसला, २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला.

हा आजार रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून होतो. ती चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो, आणि तो हळूहळू चढत नाही, तर एकदम येतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, उलट्या व जुलाब होतात, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या दिसतात. हे सारे वर्णन डेंग्यूलाही लागू पडते, आणि कोकण-गोव्यात लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस हेही याच वेशात येतात, त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान करणारा डॉक्टर फार अनुभवी तरी असावा लागतो किंवा फार धाडसी तरी.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे ढोबळमानाने पहिल्या आठ ते बारा दिवसांत, विषाणू रक्तात फिरत असतो आणि आरटी-पीसीआर ही तपासणी त्याचे जनुकीय द्रव्य पकडते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर त्याच्याविरुद्ध आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार करू लागते आणि ती पुढे काही महिने रक्तात टिकतात. दहा ते वीस टक्के रुग्णांमध्ये मधले एक-दोन आठवडे बरे गेल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात ताप, मान आखडणे, थरथर, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. या टप्प्यात विषाणू रक्तात सहसा सापडत नाही. आपल्या कामगाराची पीसीआर तपासणी नेमकी या काळात झाली. ती नकारार्थी येणारच होती, आणि तिच्या जोडीला त्याच दिवशी आयजीएम तपासणी केली असती तर उत्तर तेव्हाच मिळाले असते. चूक असलीच तर ती यंत्राची नव्हे. 'ताप पहिल्यांदा कधी आला' हे कोणी विचारले नाही, किंवा विचारले तरी कागदावर लिहिले नाही.

हा मुद्दा मी जरा ताणून धरतो, कारण माकडतापावरील वैद्यकीय संशोधनाचा सारा डोलारा याच एका तारखेवर उभा आहे.

प्रश्न : माझे माहेर सागर तालुक्यातले. लहानपणापासून आम्ही माकडतापाची सुई टोचून घेत आलो. ती फार दुखायची, हात दोन दिवस वर होत नसे. आता ऐकते की ती लस बंदच केली. इतकी वर्षे टोचलेली लस निरुपयोगी होती काय?
— एक वाचक भगिनी, शिरसी

उत्तर : निरुपयोगी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि चांगली होती असे म्हणणे धाडसाचे. या लसीची कहाणी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सुरुवातीला रशियातील त्या नातलग विषाणूविरुद्धची तयार लस वापरून पाहिली गेली, तिचा उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या गर्भपेशींमध्ये माकडतापाचा विषाणू वाढवून, फॉर्मालिनने तो मारून नवी लस तयार करण्यात आली. १९९० ते १९९२ या काळात कर्नाटकाच्या बाधित भागांत तिचे मोजमाप झाले, तेव्हा एका मात्रेने सुमारे ७९ टक्के आणि दोन मात्रांनी सुमारे ९४ टक्के संरक्षण मिळते असा निष्कर्ष निघाला. कोणत्याही लसीला अभिमान वाटावा असे हे आकडे होते.

त्यानंतर २००५ ते २०१० या वर्षांतील रुग्णांचा अभ्यास होऊन तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका मात्रेचा लाभ दिसलाच नाही, दोन मात्रांची परिणामकारकता ६२ टक्क्यांच्या आसपास निघाली आणि पुढची वर्धक मात्रा घेणाऱ्यांमध्ये ती ८३ टक्क्यांपर्यंत गेली. आता या ६२ च्या आकड्याकडे जरा निरखून पाहावे. संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा आकडा २६ ते ८१ यांच्या दरम्यान कुठेही असू शकत होता. याचा अर्थ असा की, दोन मात्रा घेतलेल्या माणसाचा धोका चौथ्या हिश्शाने कमी झाला असेल किंवा पाच हिश्शांपैकी चार हिस्से कमी झाला असेल. अभ्यासातले रुग्ण इतके थोडे होते की यापेक्षा नेमके काही म्हणता येत नव्हते.

पहिल्या आणि दुसऱ्या अभ्यासात एवढा फरक का, याचे एकच कारण देता येणार नाही. लसीच्या निरनिराळ्या खेपांची शक्ती सारखी नसावी ही एक शंका. दुसरी गोष्ट अशी की, अनेकदा गावात पहिला रुग्ण सापडल्यावर लसीकरणाची मोहीम सुरू होई, पण दोन मात्रांमध्ये महिन्याचे अंतर असल्याने संरक्षण तयार होईपर्यंत हंगाम निम्मा सरलेला असे, आणि या मधल्या काळात आजारी पडलेला माणूस नोंदीत 'लस घेतलेला रुग्ण' म्हणून उतरे. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे. दुखणारी सुई लोक एकदा घेतात, दुसऱ्यांदा टाळतात. सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा आणि नंतर पाच वर्षे दरसाल एक, एवढे वेळापत्रक पाळणारा माणूस मुळातच स्वतःला जपणारा असतो. तो रानात जाताना अंगाला तेलही लावत असेल आणि घरी परतल्यावर अंघोळही करत असेल. मग त्याला लसीने वाचवले की त्याच्या सवयीने, हे केवळ नोंदवही पाहून कसे ठरवणार? ज्या अभ्यासात कोणाला लस द्यायची हे संशोधक चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही, त्या प्रत्येक अभ्यासात हा पेच उरतोच.

पुढील वर्षांत लस घेतलेल्यांमध्येही रुग्ण आढळत राहिले, लसीच्या खेपा शक्तीच्या कसोटीला उतरेनात, आणि अखेर २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, पण नवी लस हाताशी नसताना तो घ्यावा लागला ही खेदाची बाब आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कंपनीबरोबर नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. ती लस आली तरी तिची कसोटी पुन्हा त्याच रानात, त्याच थोड्या रुग्णांवर लागणार आहे, आणि मात्रेची तारीख व तापाची तारीख या दोन नोंदी जर जागच्या जागी नसतील तर पुन्हा २६ ते ८१ असेच काहीतरी उत्तर हाती येईल.

प्रश्न : गोचिडी गुरांच्या अंगावर असतात. मग माकडताप टाळायचा तर गुरे पाळायचीच नाहीत काय? आणि दूध?
— दोडामार्ग

उत्तर : गुरे विकण्याची आवश्यकता नाही. या गोचिडीची पूर्ण वाढ झालेली मादी गुरांचे रक्त पिऊन जगते, त्यामुळे गुरे असली की गोचिडींची संख्या वाढते हे खरे, पण गुरांच्या शरीरात विषाणू फारसा वाढत नाही. माणसाला धोका असतो तो मुख्यतः अर्धवाढीच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गोचिडीपासून, आणि ती रानातल्या पातेऱ्यावर दबा धरून असते. तिचा काळ डिसेंबर ते मे हा आहे, नेमका काजूचा आणि लाकूडफाट्याचा. चरून आलेल्या गुरांना गोचीडनाशक लावावे, रानात जाताना अंग झाकून उघड्या भागाला आरोग्य केंद्रातून मिळणारे डेपा तेल लावावे, आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन विभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी तेवढ्या जागेत पसरलेल्या असतात. दूध उकळून प्यावे. माकडताप दुधातून पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही, युरोपातील गोचिडींचा मेंदूज्वर मात्र कच्च्या दुधातून झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रश्न : साठ-पासष्ट वर्षे माहीत असलेल्या आजारावर औषध का नाही? कोविडवर तर वर्षभरात डझनभर औषधांच्या चाचण्या झाल्या.
— औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पहिले उत्तर साध्या अंकगणितात आहे. माकडतापाचे दरवर्षी सुमारे चारशे ते पाचशे रुग्ण नोंदवले जातात आणि त्यांपैकी तीन ते पाच टक्के दगावतात. समजा, एखादे औषध मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणते, म्हणजे निम्मे मृत्यू टाळते. हे खात्रीने दाखवायचे तर औषध मिळालेले आणि न मिळालेले अशा दोन गटांत प्रत्येकी सुमारे अकराशे चाळीस रुग्ण लागतील. हा हिशेब संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने तुम्हीही करून पाहू शकता. देशातला एकूण एक रुग्ण चाचणीत सामील झाला तरी पाच वर्षे लागतील, आणि एकूण एक रुग्ण कधीच सामील होत नाही. कोविडमध्ये एका शहरातल्या एका रुग्णालयात एवढे रुग्ण एका महिन्यात भरती होत होते.

दुसरी अडचण वेळेची आहे. विषाणूविरोधी औषध विषाणू वाढत असतानाच काही करू शकते. माकडतापाचा रुग्ण पहिले तीन-चार दिवस घरी काढा घेतो, नंतर गावच्या दवाखान्यात जातो, आणि मणिपाल किंवा बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पहिला आठवडा संपत आलेला असतो. तेव्हा दिलेल्या औषधाने गुण आला नाही, तर औषध वाईट की वेळ वाईट, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणूनच लहान केंद्रावर चालणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर माकडतापाची तपासणी उपलब्ध होणे मला कोणत्याही नव्या औषधी रेणूपेक्षा अधिक मोलाचे वाटते. चाचणी कधी शक्य झालीच तर ती तालुक्याच्या ठिकाणी, तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्ण नोंदवूनच शक्य होईल.

तिसरी बाब प्रयोगशाळेची. हा विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचा इतिहास आहे, त्यामुळे जिवंत विषाणूवर काम करण्याइतकी सुरक्षित व्यवस्था देशात मोजक्याच ठिकाणी आहे. पुण्यात पाषाणला ती आहे. औषध आधी पेशींवर, मग प्राण्यांवर तपासायचे म्हटले की रांग लागते.

जपानने काय केले ते पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये मध्य चीनमध्ये प्रथम लक्षात आलेला, गोचिडींपासूनच होणारा आणि प्लेटलेट एकदम घसरवणारा एसएफटीएस हा ताप २०१३ मध्ये जपानमध्येही आढळला. तेथे या आजारात चारांपैकी एखादा रुग्ण दगावतो. फॅविपिराविर हे औषध तेथे ज्या एका अभ्यासात वापरले गेले, त्यात केवळ २३ रुग्ण होते आणि तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. आधीच्या वर्षांतील मृत्यूदराशी तुलना करण्यात आली. अशा पुराव्यांच्या आधारे २०२४ मध्ये जपानने त्या औषधाला या आजारासाठी मान्यता दिली. मृत्यूदर एवढा मोठा असतो तेव्हा कमकुवत पुरावाही स्वीकारावासा वाटतो, ते मी समजू शकतो. शंभरातले पंच्याण्णवाहून अधिक रुग्ण आपोआप बरे होतात अशा माकडतापात मात्र तोच मार्ग धरला तर कोणतेही औषध गुणकारी दिसेल, अगदी साखरेची गोळीसुद्धा. तूर्त शरीरातील पाणी राखणे, रक्तस्राव आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणे, ताप उतरवण्यासाठी ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके टाळून पॅरासिटामॉल देणे, हाच उपचार आहे, आणि वेळेवर झाला तर तो बहुतेकांना पुरेसा ठरतो.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात मध्यंतरी काँगो तापाविषयी सावधगिरीच्या सूचना आल्या होत्या. तोही गोचिडींचाच. मग माकडतापाच्या रुग्णालाही वेगळे ठेवावे का?
— परिचारिका, पालघर

उत्तर : नाही. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. रुग्णाचे रक्त हाताळताना हातमोजे घालणे वगैरे नेहमीची काळजी पुरेशी आहे. काँगो ताप, म्हणजे क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप, वेगळ्या कुळातल्या विषाणूमुळे आणि वेगळ्या गोचिडीमुळे होतो, आणि रुग्णाच्या रक्तातून तो उपचार करणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत साणंदजवळच्या कोलाट गावातील एका स्त्रीच्या मृत्यूनंतर पुण्याच्या संस्थेने भारतातला हा पहिला निश्चित प्रादुर्भाव ओळखला, तेव्हा तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही त्याच आजाराने मृत्यू झालेला होता. त्यामुळे गुरे-मेंढ्या हाताळणारा, ताप आणि रक्तस्राव असलेला रुग्ण आला की अहवालाची वाट न पाहता त्याला वेगळे ठेवावे. त्यावर रिबाव्हिरिन दिले जाते, पण त्याच्या नियंत्रित चाचण्या फार थोड्या आणि लहान आहेत. जी अडचण वर माकडतापाच्या औषधाबाबत सांगितली तीच येथेही आहे.

प्रश्न : माझ्या भावाला माकडताप झाला होता. तो बरा झाल्यावर तीन आठवड्यांनी संशोधनासाठी म्हणून पुन्हा रक्त मागायला माणसे आली. बऱ्या झालेल्या माणसाचे रक्त कशाला हवे? आम्ही नाही म्हटले. चुकले का?
— सावंतवाडी

उत्तर : नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नकार दिला म्हणून उपचारात काहीही कमी होता कामा नये. आलेल्या माणसांनी लेखी संमती मागितली का, रक्त कोठे जाणार आणि अहवाल तुम्हाला मिळणार का, हे मराठीत समजावून सांगितले का, एवढे तुम्ही विचारायला हवे होते. त्यांनी ते सांगितले नसेल तर चूक तुमची नाही.

आता रक्त कशाला, ते सांगतो. माकडताप आणि डेंग्यू यांचे विषाणू एकाच कुळातले असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तपासणीत कधी कधी फसवी उजळतात, आणि आजारपणातला एकच नमुना असेल तर ही फसवणूक ओळखणे कठीण जाते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने शेजारी ठेवले की कोणत्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे खरोखर वाढली ते दिसते. त्याखेरीज, बरे झालेल्या माणसाचे संरक्षण किती काळ टिकते हे नव्या लसीची मोजपट्टी ठरवण्यासाठी कळायलाच हवे, आणि ते सांगू शकेल असे रक्त फक्त तुमच्या भावासारख्यांचेच आहे. ती माणसे पुन्हा आली आणि तुमच्या भावाची इच्छा असली, तर नमुना देताना ताप आल्याची पहिली तारीख त्यांना सांगावी. आठवत नसेल, तर त्या दिवशी बागेत कोणते काम चालले होते किंवा तो आठवडी बाजाराचा दिवस होता का, यावरून ती बहुधा काढता येते.